सलाईनने न जाणारा अशक्तपणा
(हृदय समजून घेताना : भाग ५)

मागच्या भागात आपण उच्च रक्तदाब पाहिला. वाढलेल्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षे रक्त ढकलून हृदयाचा स्नायू थकतो आणि शरीराला हवे तेवढे रक्त पुढे जाईनासे होते. हे हार्ट फेल्युअर. हृदय चालूच असते, पण कमी पडते. रक्त कमी पोहोचू लागले की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी पायांत, पोटात आणि शेवटी फुप्फुसांत साठते.

नंदुरबार जिल्ह्यात हा आजार उशिरा सापडतो, कारण थकवा, दम आणि पायसूज यांना इथे आधीच नावे मिळालेली असतात. कुणी म्हणते रक्त कमी आहे, कुणी म्हणते दमा आहे. यात बरेचदा तथ्यही असते. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, सिकलसेलच्या रुग्णाच्या १० ते २०. रक्त सतत पातळ राहिल्याने हृदयाला लहानपणापासून जास्त राबावे लागते, आणि काही रुग्णांत ते मोठे होऊन थकते. बालपणी घशाच्या संसर्गानंतर संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली माणसेही आहेत. बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा नंतरच्या पाच महिन्यांत काही बायकांचे हृदय कमकुवत होते आणि ‘बाळंतिणीची सूज’ म्हणून घरचे थांबून राहतात. हिमोग्लोबिन कमी निघाले म्हणून तपास तिथेच संपवू नये.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सलाईनची. अशक्तपणा आला की बाटली लावून घ्यायची, ही सवय गावोगावी मुरली आहे. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ज्याच्या फुप्फुसात आधीच पाणी आहे, त्याच्या शिरेत हे सोडले तर त्याच रात्री जीव घुसमटू शकतो. म्हणून सलाईन मागण्याआधी स्वतःला विचारा: उताणे झोपल्यावर दम लागतो का? मध्यरात्री धाप लागून उठून बसावे लागते का? नडगीवर अंगठा दाबून धरला तर खड्डा राहतो का? तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले का? घरी वजनकाटा नसेल तर पायातली वाळी घट्ट होऊ लागली का, एवढे तरी पाहा. यातले काहीही असेल तर ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि शक्यतो इको करून घ्यावा.

पथ्यात मीठ पहिले. नंदुरबारच्या मिरचीला दोष नाही. ठेच्यातले मीठ, सुके बोंबील, पापड आणि लोणचे आवरायचे. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी शरीरात पाणी अडते.

औषधांपैकी फ्युरोसेमाइडने लघवी वाढते, सूज उतरते, आणि बरे वाटले म्हणून लोक सगळीच औषधे सोडतात. खरे तर आयुष्य वाढवतात ती दुसरी: एनालाप्रिल, मेटोप्रोलोल किंवा कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन. कोणती आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. गरोदर बाईला एनालाप्रिल चालत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबाने निघण्यापूर्वी जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या आणि औषधाची चिठ्ठी मागून घ्यावी. होळीला परत येईपर्यंत खंड पडला तर सूज पुन्हा चढते. आरोग्य केंद्रांनीही अशा रुग्णाला एका वेळी महिन्याच्याच गोळ्या देण्याच्या नियमावर अडवू नये, असे माझे ठाम मत आहे.

धडगाव, मोलगीकडच्या पाड्यांवर पावसाळ्यात गाडी पोहोचत नाही आणि आजाऱ्याला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणतात. झोळीत माणूस आडवा राहतो. धाप लागलेल्या या रुग्णाला तसे आणले तर पायांतले पाणी छातीकडे सरकते आणि दम वाढतो. १०८ ला फोन करावा, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला खुर्चीत टेकवून बसवावे, पाय खाली सोडावेत, पडू नये म्हणून कापडाने सैलसर बांधावे आणि खुर्चीच बांबूंना पक्की करून चौघांनी उचलावी.