चव्हाट्यावरचे देव, गल्लीचे कारभारी

पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या रस्त्यांवर हिंडताना चौकाच्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी घराच्या भिंतीला टेकून बांधलेली छोटी वेदी वारंवार दिसते. अनेकदा शेजारीच पाण्याचा सार्वजनिक हौद असतो. मागच्या भिंतीवर नाचऱ्या पावलांचे दोन तरुण रंगवलेले असत, उंच धरलेल्या शिंगातून मद्याची धार सोडणारे. खाली वेदीकडे सरपटत येणारे साप. हे तरुण म्हणजे ‘लारेस’, चव्हाट्याचे राखणदार.

चौकाला लॅटिनमध्ये ‘कॉम्पितुम’ म्हणत, म्हणून या देवांचा सण ‘कॉम्पितालिया’. त्याची तारीख पक्की नसे. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या आरंभापर्यंतचा एखादा दिवस रोमचा प्रेटर हा अधिकारी जाहीर करी. घराघरांतून मध घातलेल्या पोळ्या येत. रात्री लोकरीच्या बाहुल्या टांगल्या जात : प्रत्येक स्वतंत्र माणसामागे एक बाहुली, प्रत्येक गुलामामागे मात्र लोकरीचा नुसता गोळा. देवाच्या दारातही गुलामाला नाकडोळे नव्हते!

गंमत अशी, की पूजेतली सेवा मात्र गुलामांच्याच हातची लागे. आणि वस्तीचे पुजारी-कारभारी, म्हणजे ‘माजिस्त्री’, बहुधा गुलामीतून सुटलेले लोक असत. शहरातल्या मोठ्या पदांची दारं त्यांना बंद होती. चौकातली वेदी तेवढी उघडी. माझ्या मते या देवळ्यांचं खरं आकर्षण इथेच आहे.

या चौकांभोवती गल्लीतल्या लोकांची मंडळं जमत आणि सत्ताधाऱ्यांना त्यांची धास्ती वाटे. इ.स.पू. 64 मध्ये सिनेटने बऱ्याच मंडळांवर बंदी घातली. 58 मध्ये राजकारणी क्लोडियसने ती उठवली आणि त्यांतून आपली माणसं उभी केली. सम्राट ऑगस्टसने यातून धडा घेतला. बंदी घालण्यापेक्षा मंडळच आपलंसं करायचं! इ.स.पू. 7 मध्ये त्याने रोमचे 14 विभाग केले, त्यांत वस्त्या आखल्या. रोमन लेखक प्लिनीने लारेसचे चौक मोजलेत 265. वस्तीला सहसा चार कारभारी. ठरावीक दिवशी, आपल्या हद्दीपुरता, जांभळ्या काठाचा टोगा आणि पुढे दोन दंडधारी. लारेस आता ‘ऑगस्टसचे’ झाले आणि त्यांच्या जोडीला त्याच्या ‘गेनियस’ची, म्हणजे रक्षक-शक्तीची, पूजा सुरू झाली. आग विझवण्याचं कामही काही वर्षं या कारभाऱ्यांकडे होतं; इ.स. 6 मध्ये त्यासाठी स्वतंत्र दल उभं राहिलं.

पण ही पदं ऑगस्टसच्या डोक्यातून निघालेली नाहीत. पॉम्पेईत रंगाने लिहिलेली अशा कारभाऱ्यांची यादी सापडली आहे, ती इ.स.पू. 47 आणि 46 ची. म्हणजे त्याच्या फेररचनेच्या जवळपास चाळीस वर्षं आधीची.

रोमला गेलात, तर जुन्या वीजघरात थाटलेलं सेंट्राले माँतेमार्तिनी संग्रहालय चुकवू नका. तिथे एस्कुलेती वस्तीची संगमरवरी वेदी आहे. तिच्यावर कोरलेल्या दृश्यात चार कारभारी बळी देण्यासाठी वेदीभोवती उभे आहेत आणि मधोमध एकजण बासरी वाजवतोय.