गुंगीचे इंजेक्शन आणि हरवलेला दीड तास

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. जुन्या अम्लपित्ताने फारच उचल खाल्ली, तेव्हा येथील, म्हणजे इंदुरातील, एका डॉक्टरांनी घशातून दुर्बिणीची नळी घालून जठराची तपासणी करावयाचे ठरविले. "भूल देणार नाही, शिरेतून नुसते गुंगीचे इंजेक्शन देऊ, दहा मिनिटांत सारे आटोपेल," असे ते म्हणाले. दहा मिनिटांचे काम म्हणून मी शाळेत अर्ध्याच दिवसाची रजा टाकली. मुख्याध्यापकाने पूर्ण दिवस रजा घेणे म्हणजे काहीतरी गुन्हा, असा आमच्या पिढीचा समज आहे. तो किती शहाणपणाचा, हे पुढे दिसेलच.

हाताच्या शिरेत सुई बसली, छतावरचा पंखा दिसला, आणि त्यानंतर मला आठवतो तो घरच्या खाटेवर हाती घेतलेला चहाचा कप. मधला दीड तास नाहीच. मला वाटले, झोप लागली असेल. त्यावर सौभाग्यवती हसू लागल्या. "अहो, झोपलात कुठले? दाराआडून तुमचाच आवाज येत होता. आधी जरा कण्हलात, मग डॉक्टरांशी चांगले बोललात. 'कळले, कळले' म्हणालात. येताना रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीससुद्धा केलीत!"

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारले.

"मला काय ठाऊक? मी बाहेर होते. कळले ते तुम्हाला."

अंगात जडपणा नव्हता, डोके हलके वाटत होते. एक वाजता मी शाळेत गेलो, टेबलावरचे कागद हातावेगळे केले आणि निश्चिंत झालो. आठ दिवसांनी एक गृहस्थ मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन परत आले. जन्माचे वर्ष अंकांत एक आणि अक्षरांत दुसरेच. नव्या गावातील शाळेने प्रवेश अडवून ठेवला होता आणि मुलगा आठवडाभर घरी बसून होता. आमच्या बडे बाबूंनी दाखला माझ्यासमोर धरला. "सर, दस्तखत तो आपके ही हैं." सही माझीच होती, वळणदार, नेहमीसारखी. तीस वर्षांत जी चूक माझ्या नजरेतून सुटली नसती, तिच्यावर मी शिक्का उठविला होता, आणि तो कागद पाहिल्याचेही मला स्मरत नव्हते.

तेव्हा मी डॉक्टरांना पुन्हा गाठले आणि या औषधाविषयी मिळेल ते वाचूनही काढले. त्यातील काही भाग प्रत्येक घराला उपयोगी पडावा असा आहे.

औषधाचे नाव मिडाझोलाम. त्याचे वडीलबंधू डायझेपाम १९६३ साली 'व्हॅलियम' या नावाने अमेरिकेत बाजारात आले. ते पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे ज्या द्रावणातून ते शिरेत टोचीत, त्याने शीर दुखे, कधी सुजे. पुढे हॉफमन-ला रॉश या त्याच कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मिडाझोलाम तयार केले. त्याची युक्ती मोठी गमतीची आहे. कुपीतील आम्ल पाण्यात त्याच्या रेणूचे एक कडे उघडे राहते, म्हणून ते सहज विरघळते. रक्तात शिरताच कडे मिटते, औषध स्निग्ध पदार्थांत मिसळण्याजोगे होते आणि काही मिनिटांत मेंदूवर अंमल बसवते. मेंदूतील पेशींना शांत करणारे 'गाबा' नावाचे द्रव्य आपल्या ठायी असतेच. हे औषध त्याचा जोर वाढविते.

भय जाते, डोळे जड होतात. परंतु मात्रा बेताची असेल तर माणूस हाकेला ओ देतो, सांगितले की कूस बदलतो. म्हणजे ही भूल नव्हे. बुद्धी मंदावते आणि नव्या आठवणींची नोंद होत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर मूल वर्गात हजर, पण हजेरीपट कोराच. सुई टोचण्यापूर्वीच्या आठवणींना धक्का लागत नाही. नंतरच्या मात्र जमा होत नाहीत. म्हणूनच संमतीच्या कागदावरील सही इंजेक्शनाच्या आधी घेतात, आणि नंतरच्या सूचना सोबतच्या माणसाला द्यावयाच्या असतात. चोवीस तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये, हे डॉक्टरांनी मला बजावले होते म्हणे. बजावले ते कोऱ्या हजेरीपटाला!

आणखी एक गोष्ट मला अजून सतावते. हे औषध वेदनाशामक नव्हे. मी कण्हलो, हे पत्नीने ऐकले. दुखले असेल तर ते कोणाला दुखले? ज्याला आठवत नाही त्याचे दुखणे खरे की खोटे? डॉक्टर म्हणाले, घशाला बधिर करणारा फवारा मारला होता, नळीने उबळ आली असेल, इतकेच. माझे पूर्ण समाधान झाले नाही.

खरा धोका मात्र श्वासाचा. अमेरिकेत १९८५ च्या अखेरीस या औषधाला परवानगी मिळाली. ते डायझेपामहून बरेच तीव्र. तरी जुन्या सवयीने अधिक मात्रा, तीही झपाट्याने, दिली गेली आणि काही रुग्ण श्वास थांबून दगावले. तेव्हापासून औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापला जातो. आता थोडे द्यावयाचे, निदान दोन मिनिटे वाट पाहावयाची, मगच आणखी, अशी रीत आहे. वृद्धांना मात्रा कमी. अफूवर्गीय वेदनाशामक जोडीला असेल तर जपणूक दुप्पट. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल आहे. पण त्याचा अंमल आधी ओसरतो आणि गुंगी परतू शकते, म्हणून उतारा दिलेल्या रुग्णालाही लगेच घरी धाडीत नाहीत.

बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर करोनाच्या साथीत घरोघरी पोहोचला. त्यामागची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. नाकाला प्राणवायू लावलेला असेल तर श्वास थांबल्यावरही तो आकडा काही काळ चांगलाच दिसत राहतो. म्हणून केवळ आकड्याकडे नव्हे, छातीकडे डोळे लावून बसणारा माणूस हवा. आणि नळी घालणाऱ्या डॉक्टरांखेरीज तो वेगळा हवा. हे आधी विचारण्यात संकोच कसला? घोरण्याची खोड, झोपेच्या गोळ्या, मद्य यांविषयीही लपवाछपवी करू नये. सहा तास अन्न वर्ज्य करतात त्याचेही कारण आहे: गुंगीत घशाची राखण ढिली पडते आणि पोटातले श्वासनलिकेत जाऊ शकते. आमच्या एका आप्तांनी "नुसता एक पोहा" म्हणून वाटीभर पोहे खाल्ले होते. डॉक्टरांनी त्यांना सरळ घरी पाठविले, ते योग्यच केले.

दाखला मी त्याच दिवशी दुरुस्त केला, आणि नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना चूक माझी आहे असे पत्र लिहून दिले. मुलाला प्रवेश मिळाला. मला येत्या महिन्यात पुन्हा तपासणीला बोलाविले आहे. या खेपेस रजेचा अर्ज दोन दिवसांचा आहे, आणि तपासणीनंतर डॉक्टरांचे बोलणे ऐकावयास सौभाग्यवती आत बसणार आहेत, वही-पेन घेऊन.