वजनकाट्यापाशी अडलेला गोवा

बाळ जन्माला घालायचे तर गोवा देशातल्या सर्वांत सुरक्षित जागांपैकी एक. २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या जवळपास सगळ्याच बाळंतपणांची नोंद इस्पितळातली आहे. हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू सहाहून कमी, तर देशाची सरासरी ३५. पण त्याच पाहणीची पुढची पाने उलटली की अभिमान थोडा ओसरतो. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, म्हणजे कृश मुले देशात १९.३ टक्के आणि गोव्यात १९.१. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांना रक्तक्षय, आणि हे प्रमाण आधीच्या पाहणीपेक्षा वाढलेले. मूल जगवण्यात गोवा केरळच्या पंगतीला बसतो आणि त्याच्या अंगावर मांस चढवण्यात देशाच्या सरासरीपाशी अडतो.

हा दुसरा हिशेब इस्पितळात मांडला जात नाही. पेडण्यात कासारवर्णे, डिचोलीत मये आणि साखळी इथे प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. त्यापुढे म्हापशाचे जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ), जिथे दोडामार्ग-सावंतवाडीचे रुग्णही धाव घेतात. पण आजारी न पडलेले, नुसतेच रोडावत चाललेले मूल तिथे नेतो कोण? ते आधी दिसायला हवे अंगणवाडीत.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिचीच ही खोली. एक सेविका, एक मदतनीस, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी. दंडाचा घेर मोजायची रंगीत फीतही असते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की फीत लाल दाखवते आणि मूल तीव्र कुपोषित धरले जाते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना इथेच आहार मिळतो, त्याहून लहानांचा शिधा घरी जातो. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राची नर्सबाई बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा घेऊन येते. लशीला दोन ते आठ अंश तापमान लागते. गोवराची कुपी एकदा कालवली की चार तासांत संपवावी नाहीतर टाकावी लागते. म्हणून मुले ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी जमवणे हे निम्मे काम.

जमवायचे कुणी? देशभर हे काम आशा स्वयंसेविका करतात. गोव्याने ती फळी उभीच केली नाही. राज्य लहान, इस्पितळे जवळ, तेव्हा आशाची गरज काय, असे वरवर वाटते खरे. पण त्यामुळे दारोदारी फिरण्याचा भार सेविका आणि नर्सबाईवरच येतो, आणि ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपमध्ये नोंदी भरायच्या त्या वेगळ्याच.

सेविकेची खरी झुंज स्वयंपाकघराशी असते. सहा महिन्यांनंतर नुसत्या आईच्या दुधातून पुरेसे लोह मिळत नाही. वरवरची पातळ पेज पोट भरते, अंग भरत नाही. नाचण्याचे तिझाण, डाळ, काटे काढलेली मासळी हे सारे या मातीतले. पण दोघेही कामावर जाणाऱ्या घरात बाळाच्या हाती चहा-बिस्किट लागते, नाहीतर कुरकुरीत खाऊचे दहा रुपयांचे पाकीट. लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा द्यायचे असते. त्याने शी काळी झाली की घाबरून बाटली फळीवर जाते. ही भीती घालवायला कागद उपयोगी पडत नाही, ओळखीचे माणूसच लागते.

आणि ओळख व्हायला मूल एका जागी राहावे लागते. ५ जानेवारी २०२३ ला मोपाहून विमाने उडू लागली. आता पेडण्यात ठिकठिकाणी बांधकामे निघताहेत. डिचोलीत खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तेव्हा ट्रकवर चालणाऱ्या घरांची घडी विस्कटली. ती निदान मतदारयादीतली घरे. बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमधले मजुराचे मूल कुठल्याच यादीत नसते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस, मग नऊ महिन्यांचा, मग दीड वर्षाच्या सुमाराचा, आणि बापाचे काम मात्र स्लॅब पडला की संपते. कार्ड गावी राहते, नवीन जागी विचारणारे कुणी नसते.

कायद्यात या मुलांना जागा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ ला सांगितले की सहा वर्षांखालची ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. शेडमधली माणसे अशी मागणी करणार नाहीत. ती त्यांच्या वतीने पंचायतीने करायला हवी.

गोव्यात भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. पेडणे-डिचोलीत खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी आणि ठेकेदारांनी तेवढ्याच तत्परतेने दुसरी एक नोंद करावी: आपल्या खोलीत, आपल्या शेडमध्ये सहा वर्षांखालचे मूल राहायला आले की जवळच्या अंगणवाडीत कळवावे.