कोऱ्या जागेमागचा कायदा

आपल्याकडचा बायोडेटा डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात पासपोर्ट साइझ फोटो, खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, विवाहित की अविवाहित. आता ब्रिटनमधल्या कंपनीला पाठवायचा सीव्ही बघा. नाव, फोन, ईमेल, गाव, की लगेच कामाचं बोलणं सुरू. माणूस कसा दिसतो, किती वर्षांचा आहे, घरी कोण आहे, काही म्हणजे काही कळत नाही.

आणि या न कळण्यामागे चक्क संसदेचा कायदा उभा आहे! 2010 चा ‘इक्वॅलिटी ॲक्ट’ इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सला लागू आहे. वय, लिंग, वंश, धर्म, अपंगत्व, विवाह, गरोदरपण अशा एकूण नऊ बाबींवरून त्यात भेदभावाविरुद्ध संरक्षण दिलेलं आहे. गंमत अशी, की फोटो लावू नका असं हा कायदा कुठेच म्हणत नाही. पण उद्या डावललेला उमेदवार एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे गेलाच, तर ‘आम्हाला वय ठाऊकच नव्हतं’ म्हणणं सोपं जातं. म्हणून एचआरवाल्यांना ही माहिती हातात नकोच असते. तब्येतीची चौकशीसुद्धा, मोजके अपवाद सोडले तर, नोकरी देऊ केल्यानंतरच करता येते.

एवढं सगळं झाकलं तरी नाव उरतंच. तिथल्या सरकारी खात्यासाठी झालेल्या एका पाहणीत संशोधकांनी खऱ्याखुऱ्या जाहिरातींना तोडीस तोड अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा. 2009 मध्ये निष्कर्ष आले. गोऱ्या माणसाचं वाटणाऱ्या नावाला सरासरी नऊ अर्जांमागे एक अनुकूल उत्तर मिळालं, तर आफ्रिकी, भारतीय, पाकिस्तानी, चिनी वाटणाऱ्या नावांना त्यासाठी सोळा अर्ज करावे लागले. (आडनाव ऐकून माणूस जोखण्याची विद्या आपल्याला काही नवी नाही, तेव्हा फार नाकं मुरडू नयेत.) पुढे 2015 मध्ये तिथल्या सरकारने सनदी सेवेच्या भरतीत नाव झाकून अर्ज वाचायचं जाहीर केलं.

मग सीव्हीत भरायचं काय? साधारण ए-फोरची दोन पानं, वर तीन-चार ओळींत ओळख, त्याखाली सगळ्यात अलीकडची नोकरी आधी. पण खरी मेख एकेका ओळीत आहे. चाकणच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा कुणी ‘स्टोअरची संपूर्ण जबाबदारी पार पाडली’ असं लिहील. यातून जबाबदारी कळते, माणूस कळत नाही. त्याऐवजी ‘सुट्या भागांची मांडणी बदलली, तीन दिवस चालणारी साठामोजणी एका दिवसात होऊ लागली’ असं लिहिलं, की वाचणारा थबकतो. मार्कांचंही असंच. 62 टक्के म्हणजे आपल्याकडे फर्स्ट क्लास. ब्रिटिश विद्यापीठांत फर्स्ट साधारणपणे 70 पासून सुरू होतो. नुसता आकडा टाकला तर अभिमानाची गोष्ट बेताची दिसते, म्हणून सोबत श्रेणीही लिहावी. राष्ट्रीयत्व लिहायची गरज नाही, पण काम करायची परवानगी असेल तर ती एका ओळीत जरूर सांगावी. कामावर घेण्याआधी मालकाला ती तपासावीच लागते.

आपल्या बायोडेटाच्या शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ आणि खाली सही असते. ब्रिटिश सीव्हीत तीही नाही. याचा अर्थ थापा खपतात असा मात्र नव्हे: खोटी माहिती देऊन नोकरी मिळवली तर 2006 च्या ‘फ्रॉड ॲक्ट’खाली खटला होऊ शकतो. खोट्या पदव्या आणि खोटा अनुभव सांगून एक गृहस्थ एका हॉस्पिसचे, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेचे, प्रमुख झाले होते. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. काम तर त्यांनी केलं होतं, मग सगळा पगार परत कसा मागायचा? 2022 मध्ये कोर्टाने तोड काढली: खरं बोलून जेवढं कमावता आलं असतं आणि खोटं बोलून जेवढं कमावलं, त्यातला फरक हा लबाडीचा नफा. त्यांच्याकडे उरलेली मालमत्ता या फरकापेक्षा कमीच होती, म्हणून ती सगळी, 96,737 पौंड, जप्त करण्याचा आदेश कायम झाला.