मानखुर्दचा उन्हाळा

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत एक फोटो येतो. तिरंगा धरलेली पाच-सहा मुलं, गळ्यात पदकं, कडेला थकलेले शिक्षक. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये भारताला इतकी सुवर्ण, इतकी रौप्य. बातमी चार ओळींची. या फोटोच्या आधी काय घडतं ते लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि मे महिन्याच्या उकाड्यात मी मानखुर्दला गेले.

हार्बर लाइनवर गोवंडी मागे पडलं की मानखुर्द येतं. पुढे खाडीपूल आणि वाशी. एका अंगाला देवनारचं डंपिंग ग्राउंड, दुसऱ्या अंगाला अणुशक्तीनगरची गर्द झाडी. त्या झाडीच्या बाजूला, वि. ना. पुरव मार्गावर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र. एप्रिल ते जूनच्या दरम्यान इथे ऑलिंपियाडची निवड शिबिरं भरतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, खगोलशास्त्र, प्रत्येकाचं वेगळं. गणिताचं शिबिरही पूर्वी इथेच असायचं, अलीकडे ते चेन्नईला भरतं.

इथवर यायची वाट लांब आहे. नोव्हेंबरमध्ये इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही शिक्षकांची संघटना देशभर पहिली परीक्षा घेते. त्यातून निवडलेली मुलं जानेवारी-फेब्रुवारीत दुसरी लेखी परीक्षा देतात. तिथून विषयागणिक तीस-चाळीस जणांना मानखुर्दचं बोलावणं येतं. भौतिकशास्त्राच्या चमूत शेवटी पाच जण जातात, रसायन आणि जीवशास्त्रात चार-चार. म्हणजे शिबिराला आलेली बहुतेक मुलं त्या फोटोत कधीच दिसणार नसतात. मला कुतूहल होतं ते त्यांचंच.

भौतिकशास्त्राच्या शिबिरात मी जिच्या टेबलापाशी रेंगाळले ती मुलगी लातूर जिल्ह्यातली, अकरावी संपवून बारावीत जाणारी. लातूर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून वडिलांबरोबर आली होती. वडील तिला सोडून त्याच रात्रीच्या गाडीने परत गेले. घरच्यांशिवाय कुठे राहायची ही तिची पहिलीच वेळ. शेजारच्या खाटांवर जयपूरची एक आणि हैदराबादची एक अशा दोघी. मुली एकूण मोजक्याच, त्यामुळे तिघींची लगेच गट्टी जमली. पण जेवणाच्या टेबलावर मुलं बोलायला लागली की हिच्या पोटात गोळा यायचा. कोणी डेव्हिड मॉरिनचं मेकॅनिक्स दोनदा सोडवलेलं, कोणी ग्रिफिथ्सचं इलेक्ट्रोडायनॅमिक्स वाचत असलेला. हिने एच. सी. व्हर्मा पाठ केलं होतं आणि तेवढ्यावर आपल्या क्लासमध्ये ती कायम पहिली यायची. पहिल्या रात्री तिने आईला फोन करून सांगितलं, मी परत येते. आईने जेवलीस का एवढंच विचारलं, आणि बाकीचं उद्या बोलू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा होती.

आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये दोन पेपर असतात, पाच-पाच तासांचे. लेखी पेपरला तीस गुण, प्रयोगाला वीस. पन्नासातले वीस गुण हातांचे असतात, आणि आपल्याकडच्या हुशार मुलांचे हातच कच्चे असतात. म्हणून शिबिरातले कितीतरी तास प्रयोगांवर जातात. आधीच्या स्पर्धांमधले प्रयोग करून पाहायचे, फसायचे, पुन्हा करायचे.

तिच्या टेबलावर २०१५ चा प्रयोग होता. त्या वर्षी ही स्पर्धा मुंबईतच झाली होती. ऐंशीहून अधिक देशांची मुलं आली होती. प्रयोग दिसायला अगदी साधा. एक लाल लेसर, एक बारीकशी स्प्रिंग, किरण वळवायला आरसे, पडदा, मोजपट्टी. खोलीत अंधार करायचा आणि लेसरचा किरण स्प्रिंगवर सोडायचा. पडद्यावर स्प्रिंगची सावली पडेल असं वाटतं. पडते ती फुली. एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरप्या रेघा, आणि त्या रेघाही सलग नाहीत, लाल ठिपक्यांच्या माळा.

असं का होतं ते मला तिथे टेबलापाशी उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं. स्प्रिंगकडे समोरून पाहिलं तर तिची वेटोळी म्हणजे वर-खाली जाणारी नागमोडी तार दिसते. त्यात तारेचे तुकडे दोन दिशांना कललेले असतात: एक संच उजवीकडे, एक डावीकडे. समांतर तारांचा प्रत्येक संच प्रकाशाला आपल्या दिशेशी काटकोनात पसरवतो. दोन संच, म्हणून दोन रेघा, आणि त्यांची फुली. स्प्रिंग ताणली की तुकडे जास्त कलतात आणि फुली रुंदावते. वेटोळी लांब गेली की पडद्यावरचे ठिपके मात्र जवळजवळ येतात. फुलीचा कोन आणि ठिपक्यांमधली अंतरं मोजली की स्प्रिंगला हात न लावता तिची त्रिज्या, वेटोळ्यांमधलं अंतर आणि तारेची जाडीसुद्धा काढता येते.

अशीच एक फुली मे १९५२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटली होती. रोझलिंड फ्रँकलिनच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्याने काढलेलं डीएनएचं ते छायाचित्र. त्या फुलीवरून कळलं की डीएनए मळसूत्री वळणाचं आहे. ठिपक्यांच्या थरांमधला चौथा थर गायब होता; त्यावरून दोन धागे एकमेकांपासून किती सरकलेले आहेत याचा अंदाज बांधता आला. ज्या मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात डीएनएची रंगीत आकृती असते, तिला इथे तो आकार स्वतःच्या मोजपट्टीने शोधायचा असतो. प्रयोग रचणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटला तो इथे.

ती मात्र घामाघूम झाली होती. पडद्यावरचा ठिपका थरथरत होता.

‘सर, हे थांबंनाच गेलंय.’

सर म्हणजे प्रयोगशाळा सांभाळणारे एक ज्येष्ठ कर्मचारी. शिबिराच्या आधी कित्येक आठवडे त्यांचं काम सुरू होतं. प्रत्येक टेबलावरची स्प्रिंग सारखी हवी, प्रत्येक लेसर सारखा हवा, नाहीतर एकाला सोपं आणि दुसऱ्याला अवघड जातं. ते एकेक संच स्वतः करून पाहतात, आकडे वहीत लिहितात, ज्याचा आकडा हलतो तो संच बाजूला काढतात. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत चूक आहे की उपकरणात, हे त्यामुळेच सांगता येतं. हे काम कुठल्याच बातमीत येत नाही.

‘टेबलाला टेकून उभी आहेस,’ ते म्हणाले. ‘बाजूला हो. आता बघ.’

ठिपका थांबला. तिने दोन शेजारच्या ठिपक्यांमधलं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं, दर वेळी वेगळं आलं. सर थोडा वेळ पाहत राहिले.

‘एकाच फटीचं अंतर का मोजतेस? दहा फटींचं मिळून मोज आणि दहाने भाग.’

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. पट्टी धरताना होणारी चूक तेवढीच राहते, पण ती दहा जागी वाटली जाते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बहुपर्यायी प्रश्नांत याची गरज पडत नाही. तिने दहा फटी मोजल्या. तरी उत्तर बसेना. मग कागदावर सगळे ठिपके काढत गेली, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की मध्ये एका जागी ठिपका असायला हवा होता, पण तो दिसत नव्हता. ती जागा न मोजता ती पुढे जात होती. तारेच्या जाडीमुळे काही ठिकाणी प्रकाश पोचतच नाही; त्या जागेचा ठिपका विझतो. तो कितवा विझतो यावरूनच तारेची जाडी निघते. जिला ती अडचण समजत होती तेच उत्तराचं अर्धं काम होतं. हे कळल्यावर ती मोठ्याने हसली, आणि शेजारच्या टेबलावरचा ग्रिफिथ्सवाला मुलगा वाकून विचारायला लागला, तुझा कितवा गेला?

उत्तर लिहिताना आणखी एक गोष्ट. इथे नुसता आकडा चालत नाही. तो किती खात्रीचा आहे, अधिक-उणे किती, हे लिहावं लागतं. दुपारी तिने मला वही दाखवली. आकड्यापुढे अधिक-उण्याची खूण, आणि ती कुठून आली त्याचा हिशोब. आपण किती चुकू शकतो हे लिहून गुण मिळतात, याचं तिला फार अप्रूप वाटत होतं.

हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं तेव्हा ऑलिंपियाडचा विषयही नव्हता. वि. गो. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने सुरुवात झाली ती मुंबईच्या महापालिका शाळांपासून. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यालाही ग्रामीण शाळांमधल्या विज्ञान शिक्षणावर काम झालं. महापालिका शाळांमधल्या वंचित घरांतल्या मुलांची हुशारी कशामुळे झाकली जाते, हे या मंडळींनी वर्षानुवर्षं अभ्यासलं. ऑलिंपियाड नंतर आले: गणिताचा भारतीय चमू १९८९ मध्ये पहिल्यांदा गेला, भौतिकशास्त्राचा १९९८ मध्ये, रसायनशास्त्राचा १९९९ मध्ये, जीवशास्त्राचा २००० मध्ये. अरविंद कुमार केंद्राचे संचालक असताना विज्ञान ऑलिंपियाडचा हा पसारा उभा राहिला.

ज्या संस्थेने महापालिकेच्या शाळेतल्या मुलापासून सुरुवात केली, तिच्या शिबिरात आता तो मुलगा पोचू शकतो का? मला याची काळजी वाटते, आणि केंद्रातल्या लोकांनाही ती वाटते असं त्यांच्याशी बोलताना जाणवत राहिलं. नोव्हेंबरची पहिली चाळणी बहुपर्यायी प्रश्नांची आहे. देशभर एकाच दिवशी प्रचंड संख्येने मुलांची परीक्षा घ्यायची तर दुसरा मार्गही नाही. पण अशा चाळणीची तयारी विकत घेता येते. मोठ्या क्लासेसमध्ये आता आठवी-नववीपासून ऑलिंपियाडच्या स्वतंत्र तुकड्या असतात, आणि चमूत निवड झाली की त्या मुलाचा फोटो क्लासच्या होर्डिंगवर झळकतो. ज्या मुलाच्या गावात असा क्लास नाही त्याला या परीक्षेचं नावच उशिरा कळतं. अर्ज भरायची मुदत तोवर गेलेली असते.

लातूरसारख्या ठिकाणी क्लासची कमतरता नाही. तिथे वेगळीच अडचण आहे. मुलाचं नाव कॉलेजच्या पटावर, मूल दिवसभर क्लासमध्ये. बारावीच्या प्रॅक्टिकलला जर्नल लागतं, ते गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलं जातं. बाहेरचे परीक्षक येतात, त्यांनाही ठाऊक असतं, तेही गुण देतात. या मुलीने व्हर्नियर कॅलिपर पहिल्यांदा हातात धरलं ते मानखुर्दमध्ये. पुस्तकात त्याच्यावरचे प्रश्न मात्र तिने शेकड्यांनी सोडवले होते. हा तिचा दोष नाही, तिच्या शिक्षकांचाही पूर्णपणे नाही. नीट आणि जेईईला हाताने प्रयोग करावा लागत नाही, म्हणून वेळ तिथे कोणी घालवत नाही.

आणि वेळ हाच सगळ्यात मोठा पेच आहे. एप्रिलमध्ये जेईई मेन, मेच्या सुरुवातीला नीट, मेच्या उत्तरार्धात जेईई ॲडव्हान्स्ड, आणि शिबिरं नेमकी याच महिन्यांत. बारावीची परीक्षा दिलेलं मूल शिबिराला पाठवायचं का, हा घराघरांत वादाचा विषय होतो. अकरावीच्या मुलांनाही क्लासवाले सांगतात, उन्हाळ्यात बारावीचा पोर्शन निम्मा संपवायचाय. तिच्या क्लासच्या सरांनी तिच्या वडिलांना दोनदा फोन केला होता. इतक्या सुट्ट्या परवडणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. वडिलांनी पाठवलं, कारण मुंबईला टाटांच्या संस्थेने बोलावलंय याचा त्यांना अभिमान होता. पुढच्या वर्षी पाठवतील का, हे तिला सांगता येईना.

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. गणितात मुलींसाठी २०१२ मध्ये केंब्रिजला युरोपियन स्पर्धा सुरू झाली आणि २०१५ पासून भारतीय मुली तिथे जातात, त्याचा उपयोग झालेला दिसतो. भौतिकशास्त्राच्या या शिबिरात मुली अजून बोटांवर मोजण्याइतक्या. एकटीला मुंबईला पाठवायचं का, या पहिल्याच प्रश्नाशी कितीजणी अडकत असतील कोण जाणे. हिची आई जेवलीस का विचारून थांबली, म्हणून ही इथे राहिली.

शिबिर संपताना पाच नावं जाहीर झाली. तिचं त्यात नव्हतं. तिला ते अपेक्षितही नव्हतं. ग्रिफिथ्सवाल्या मुलाचं नावही नव्हतं, आणि तो मात्र कितीतरी वेळ जिन्यात बसून होता. तिघी मैत्रिणींनी एकमेकींचे नंबर आधीच घेतले होते.

निघण्याआधी तिने सरांना विचारलं, लेसर कुठे मिळेल? ते म्हणाले, स्टेशनरीच्या दुकानात लेसर पॉइंटर मिळतो, आणि स्प्रिंग बॉलपेनमधली चालेल, जरा जाड आहे, पण फुली दिसेल. पडदा तेवढा लांब ठेव. अंधाऱ्या लांब खोलीची सोय हवी. तिच्या कॉलेजची फिजिक्स लॅब लांबलचक आहे, खिडक्यांना काळे पडदेही आहेत. ती वर्षभर कुलुपात असते. किल्ली प्रयोगशाळा सहायकाकडे असायची, ते गेल्या वर्षी निवृत्त झाले, त्यांची जागा अजून भरलेली नाही. आता किल्ली ऑफिसात असेल असं तिला वाटतं. कॉलेज जूनमध्ये उघडलं की आधी तिथे जाऊन विचारणार आहे, आणि क्लासच्या वेळेत जावं लागू नये म्हणून सकाळी साडेसातला.