घोरपडीला घर बांधायचं तर?

मुलांनो, आमच्या बुलडाणा जिल्ह्यातलं सिंदखेडराजा हे जिजामातांचं जन्मगाव. त्यामुळे इकडच्या शाळांत शिवरायांच्या गोष्टी जरा जास्तच रंगतात. सिंहगडाची गोष्ट निघाली, तानाजींची 'यशवंती' घोरपड सरसर कडा चढून गेली, की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, "सर, तानाजींनी घोरपड पाळली होती, मग आपण का नाही पाळायची?"

प्रश्न चांगला आहे. पण आधी गोष्ट नीट पाहू. सिंहगडाची लढाई १६७० सालची. यशवंती भेटते ती पोवाड्यात. सभासद बखरीत मात्र मावळे स्वतःच कडा चढून जातात, घोरपड तिथे नाही. घोरपडीच्या नखांची पकड जबरदस्त असते, हे अगदी खरं. पण म्हणून ती पाळीव ठरत नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसासोबत राहून माणसाळला. घोरपड आजही रानातलीच आहे.

पिंजरा केवढा हवा?

घटकाभर समजा, घोरपडीला घर बांधायचं आहे. काय काय लागेल? मोठी घोरपड शेपटीसकट पाच फुटांपर्यंत भरते. तिला खोकं किंवा कोंबड्यांचं खुराडं कसं पुरणार? निदान आठ फूट लांब आणि चार फूट रुंद जागा हवी, तीही कमीच पडेल. तळाशी दोन फूट माती हवी, कारण बीळ उकरल्याशिवाय तिला चैन पडत नाही. चढायला ओंडके हवेत, डुंबायला पाणी हवं.

शिवाय ऊन हवं! घोरपडीचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. सकाळी उन्हात अंग तापवलं, तरच तिला पळता येतं आणि खाल्लेलं पचतं. म्हणून परदेशात घोरपडीच्या जातीचे प्राणी पाळणारे लोक दिव्याखाली पन्नास अंशांहून जास्त तापणारी जागा करतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात सावली ठेवतात. ऊन मिळालं नाही, तर तिची हाडं मऊ पडतात. नुसतं मांस चारत राहिलं आणि हिंडायला जागा नसली, तर ती लठ्ठ होऊन आजारी पडते.

आता बांधावर जाऊन पाहा बरं. बिळासाठी वारूळ आहे, चढायला बाभूळ आहे, ऊन फुकट आहे. खायला किडे, अळ्या, विंचू, उंदीर, बेडूक, खेकडे आहेत. दुभंगलेली जीभ आतबाहेर करत ती हवेतला वास गोळा करते आणि टाळूतल्या खास इंद्रियाने तो ओळखते. असा दिवसभर माग काढत हिंडणारा प्राणी चार भिंतींत काय करणार?

आपल्याकडे ज्ञानगंगा अभयारण्यात आणि लोणार सरोवराच्या काठच्या झाडीत घोरपडी आहेत. मादी एका वेळी साधारण वीसेक अंडी मातीत पुरते. पिल्लं बाहेर यायला सहा-आठ महिने लागतात. अंड्यावर आलेली एक मादी कुणी पकडली, तर किती जीव गेले, हिशेब तुम्हीच करा.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत, घोरपडीचं नाव आहे. तिला पकडणं, मारणं, विकणं किंवा घरात ठेवणं गुन्हा आहे. त्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि दंडही होऊ शकतो.

तरीही लोक तिला मारतात. कुणी मांसासाठी, कुणी सांधेदुखीच्या तेलासाठी. 'हत्ताजोडी' नावाची मुळी घरात ठेवली की पैसा येतो, असं सांगून काही जण ती विकतात. ती मुळी नव्हेच! तो नर घोरपडीचा वाळवलेला अवयव असतो. पालकांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

घरात घोरपड आली तर?

घाबरू नका. तिच्या चाव्याने माणूस विष चढून मरत नाही. पण कोंडलं तर ती फूत्कारते, शेपटीचे फटके मारते, आणि चावली तर जखम खोल होते. म्हणून दगड मारू नका, शेपटीला हात लावू नका. दार उघडं ठेवून लांब उभं राहा, बहुतेक वेळा ती आपणहून निघून जाते. विहिरीत पडली असेल किंवा अडकली असेल, तर मोठ्या माणसांना सांगून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आणि हो, ती कोंबडीची अंडीही खाते. तेव्हा खुराड्याची जाळी पक्की करा. घरात ठेवण्यापेक्षा बांधावरचं एखादं वारूळ तेवढं फोडू नका. पावसाळ्यात लांबून नजर ठेवलीत, तर त्यातून एखादं पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू डोकं बाहेर काढताना दिसेलही!