शिलालेखाची ओळ आणि आज्ञेचे भाष्य : अक्षरजुळणीच्या मॅक्रोसंचांचे सटीक लेखन

रामटेकच्या डोंगरावरील केवल-नरसिंह मंदिरात वाकाटककालीन संस्कृत शिलालेख आहे. लेख पद्यबद्ध असून त्यातील पुष्कळ अक्षरे नष्ट झाली आहेत. हान्स बाकर व हरुनागा आयझॅक्सन यांनी त्याचे संपादन १९९३ साली प्रसिद्ध केले. अशा खंडित लेखाचा पाठ छापताना तीन प्रकारची अक्षरे एकाच ओळीत, परंतु एकमेकांपासून वेगळी ओळखू येतील अशी दाखवावी लागतात : स्पष्ट वाचता येणारी, संशयित आणि सर्वस्वी लोपलेली. वृत्त निश्चित असेल तर लोपलेल्या अक्षरांची संख्या व त्यांचा लघुगुरुक्रमही कळतो, आणि तोही चिन्हांनी नोंदवावा लागतो. येथे एक कोरी जागा चुकून अधिक पडली तरी वाचक तिला पदच्छेद समजेल. एक चिन्ह कमी पडले तर वृत्तच चुकेल. अशा पाठापुरते बोलावयाचे तर अक्षरजुळणी हा संपादनाचाच एक भाग होय.

खिळ्यांच्या काळात ही दक्षता जुळाऱ्याच्या हातात आणि मुद्रितशोधकाच्या डोळ्यांत असे. संगणकावरील जुळणीत ती लिखित आज्ञांमध्ये उतरते. त्या आज्ञा कशा लिहाव्यात, त्यांवर भाष्य कसे करावे आणि ते भाष्य मूळ आज्ञांसह कसे छापावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मॅक्रो म्हणजे काय

डोनाल्ड क्नूथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७७-७८ च्या सुमारास ‘टेक्’ या अक्षरजुळणी-प्रणालीची रचना आरंभिली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात तिच्यावर ‘लाटेक्’ची उभारणी केली. या प्रणालीत ग्रंथाचा मजकूर आणि तो कसा जुळवावा याच्या आज्ञा एकाच साध्या लेखी संचिकेत असतात. जी कृती वारंवार करावयाची तिला एक नाव द्यावे व पुढे प्रत्येक वेळी केवळ ते नाव लिहावे, हे मॅक्रोचे तत्त्व. व्याकरणाच्या अभ्यासकास ते नवे वाटू नये. ‘वृद्धि’ म्हटले की आ, ऐ, औ हे तीन स्वर समजावयाचे, ही पाणिनीय संज्ञेची सोय याच जातीची आहे. परस्परसंबद्ध अशा अनेक मॅक्रोंचा समूह म्हणजे मॅक्रोसंच, अथवा रूढ शब्दात ‘पॅकेज’.

समजा, एखाद्या संपादकाने खंडित लेखासाठी ‘त्रुटित’ नावाचा मॅक्रो रचला. त्याला पाच हा अंक दिला की लोपलेल्या पाच अक्षरांची पाच चिन्हे उमटावीत. रचना वरवर पाहता सोपी. तथापि तिच्यात दोन बारकावे दडलेले असतात. पहिला असा की, टेक् प्रणालीत लिहिलेल्या ओळीचा शेवट हा सामान्यतः एका कोऱ्या जागेसारखा मानला जातो. मॅक्रोच्या व्याख्येतील ओळ संपताना तेथे टक्केचिन्ह घातले नाही, तर ती जागा थेट छापील पाठात जाऊ शकते. दुसरा बारकावा असा की, पाच चिन्हे दोन ओळींत विभागली जाऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये १०,००० हा ‘दंड’ लावावा लागतो. या प्रणालीत एवढ्या दंडाचा अर्थ ‘येथे ओळ तोडणे निषिद्ध’ असा होतो.

दहा वर्षांनी दुसरा कोणी ती संचिका उघडतो. ओळीच्या शेवटचे टक्केचिन्ह त्याला निरर्थक वाटते, म्हणून तो ते काढून टाकतो. एके ठिकाणी ओळ समासात घुसलेली दिसते, म्हणून तो १०,००० च्या जागी ५० लिहितो. आज्ञा पूर्वीप्रमाणेच चालतात आणि कोणताही दोष सूचित होत नाही. मात्र छापील पाठात अकारण पदच्छेद दिसू लागतो, आणि एकाच त्रुटीची तीन चिन्हे एका ओळीत व दोन पुढच्या ओळीत जाऊन दोन वेगळ्या त्रुटींचा भास होतो. मूळ रचनाकाराच्या मनातील कारण संचिकेत लिहिलेले नव्हते, म्हणून ते त्याच्याबरोबरच गेले.

सूत्र आणि भाष्य यांचे सहवास्तव्य

या अडचणीवर क्नूथ यांनी मूलगामी उपाय सुचविला. आज्ञावली ही यंत्रासाठी लिहिलेली सूचनांची यादी न मानता माणसाला उद्देशून लिहिलेला निबंध मानावी, आणि यंत्राला लागणारा भाग त्यातून वेगळा काढावा, असा विचार त्यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडला. या पद्धतीसाठी त्यांनी ‘वेब’ नावाची व्यवस्था निर्माण केली. तिच्यात एकाच मूळ संचिकेपासून दोन फळे मिळतात : ‘टँगल’ या आज्ञावलीने यंत्रास चालविता येईल अशी संहिता निघते, तर ‘वीव्ह’ने माणसास वाचता येईल असा जुळवलेला ग्रंथ निघतो. टेक् ची संपूर्ण आज्ञावली याच रीतीने सटीक ग्रंथरूपाने १९८६ साली प्रकाशित झाली.

मॅक्रोसंचांसाठी ही कल्पना फ्रँक मिटलबाख यांनी उपयोगात आणली. त्यांचा ‘डॉक’ हा संच १९८९ साली टेक् वापरणाऱ्यांच्या संघाच्या ‘टगबोट’ या नियतकालिकात वर्णिला गेला. त्याच्या जोडीला ‘डॉकस्ट्रिप’ ही उपाज्ञावली आली, आणि लाटेक्-साठी मॅक्रोसंच लिहिण्याची ती एक प्रस्थापित रीत ठरली.

तिची कार्यपद्धती थोडक्यात अशी. ‘डीटीएक्स’ हे उपनाम असलेल्या संचिकेत भाष्याची प्रत्येक ओळ टक्केचिन्हाने आरंभ होते आणि आज्ञांची ओळ त्या चिन्हावाचून लिहिलेली असते. सामान्यतः टेक् टक्केचिन्हापुढील मजकूर सोडून देतो. परंतु ग्रंथ जुळवताना डॉक त्या चिन्हाचाच अर्थ पालटतो. चिन्ह दुर्लक्षिले जाते आणि त्यापुढील भाष्य छापले जाते. आज्ञांचा भाग ‘मॅक्रोकोड’ नावाच्या कक्षात ठेवलेला असतो. तेथील अक्षरे जशीच्या तशी, ओळींच्या क्रमांकांसह उमटतात. कक्षाच्या समाप्तीची ओळ टक्केचिन्हानंतर नेमक्या चार कोऱ्या जागा सोडून लिहावी लागते, कारण आज्ञांचा मजकूर कोठे संपला हे त्या ठराविक आकृतीवरूनच ओळखले जाते. उलट, संच प्रत्यक्ष वापरासाठी सिद्ध करताना डॉकस्ट्रिप टक्केचिन्हाने आरंभ होणाऱ्या भाष्याच्या ओळी गाळतो व केवळ आज्ञांची आटोपशीर संचिका तयार करतो. एकाच मूळ संचिकेतून निरनिराळ्या उपयोगांसाठी वेगवेगळे भाग निवडण्याची सोयही त्याच्यात आहे.

भाष्याचे दोन स्तर मानण्याचा प्रघात आहे. पहिल्यात वापरणाऱ्यासाठी आज्ञेचे नाव, तिला काय द्यावे व काय मिळते एवढेच असते. दुसऱ्यात पुढे दुरुस्ती करणाऱ्यासाठी प्रत्येक व्याख्येची कारणमीमांसा असते. ज्यास केवळ वापर करावयाचा आहे त्याच्यासाठी ग्रंथ पहिल्या भागाशी थांबविता येतो. याखेरीज प्रत्येक आज्ञा कोणत्या ओळीत आली याची सूची आपोआप तयार होते, आणि केलेल्या बदलांचा इतिहासही कालक्रमाने छापता येतो. संचिका एका यंत्राहून दुसऱ्यावर जाताना खंडित झाली की काय, हे ताडण्यासाठी तिच्यातील तिरक्या आज्ञारेघांची संख्या नोंदविण्याची व्यवस्थाही डॉकमध्ये होती. हस्तलिखिताच्या अखेरीस ग्रंथसंख्या नोंदविणाऱ्या आपल्या लेखनिकांना तिचे प्रयोजन समजावून सांगावे लागले नसते.

भाष्यामुळे काय टिकले

या परिश्रमाचे फळ संस्कृत संपादनाच्या क्षेत्रातच पाहावयास मिळते. चिकित्सक आवृत्तीत पाठाच्या ओळींना क्रमांक लागतात, आणि पाठभेदांच्या टिपा त्या क्रमांकांनी बांधलेल्या असतात. परंतु परिच्छेद ओळींत विभागला जाईपर्यंत कोणता शब्द कितव्या ओळीत येईल हे यंत्रासही ठाऊक नसते. जॉन लॅव्हानिनो आणि संस्कृतज्ञ डॉमिनिक वुयास्तिक यांनी रचलेला ‘एडमॅक’ हा संच तयार परिच्छेद ओळीओळीने सुटा करतो, क्रमांक निश्चित करून ते साहाय्यक संचिकेत लिहितो, आणि पुढच्या फेरीत टिपा योग्य जागी बसवितो. ही रचना गुंतागुंतीची आहे. तथापि तिच्या कर्त्यांनी आज्ञांसोबत कारणेही लिहिली, आणि ते सटीक विवरण १९९६ साली पुस्तकरूपाने निघाले.

एडमॅक साध्या टेक् साठी होता. पीटर विल्सन यांनी २००३ साली तो ‘लेडमॅक’ या नावाने लाटेक्-मध्ये आणला, आणि पुढे माएल रुकेत यांनी त्यातूनच ‘एलेडमॅक’ व ‘रेलेडमॅक’ हे संच विकसित केले. मूळ कर्त्यांकडून दुसऱ्याकडे व त्याच्याकडून तिसऱ्याकडे अशी ही परंपरा चालू राहू शकली, यात त्या मूळ भाष्याचा वाटा मोठा आहे. नुसत्या आज्ञा हाती आल्या असत्या तर प्रत्येकास आरंभापासून शोध घ्यावा लागला असता.

देवनागरीचा इतिहासही येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. टेक् साठी देवनागरी अक्षरसंच व त्याची पूर्वप्रक्रिया करणारी आज्ञावली फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात सिद्ध केली, व ती १९९१ साली उपलब्ध झाली. रामटेकच्या लेखांवर काम करणारे बाकर हेही त्याच विद्यापीठातील होते. त्या व्यवस्थेत मजकूर रोमन लिप्यंतराने लिहून नंतर जोडाक्षरे घडवावी लागत. २००४ साली जोनाथन क्यू यांची ‘झीटेक्’ प्रणाली आली. तिच्यात युनिकोडमधील देवनागरी मजकूर थेट लिहिता येतो आणि जोडाक्षरांची घडण अक्षरसंचातील नियमांनी होते. परिणामी जुन्या संचांतील जोडाक्षरविषयक आज्ञा अनावश्यक ठरल्या. मात्र ओळ कोठे तुटावी वा त्रुटी कशी दाखवावी याविषयीच्या आज्ञांची गरज कायम राहिली. कोणती आज्ञा टाकावी व कोणती राखावी, याचा निर्णय तिचे प्रयोजन लिहिलेले असेल तरच करता येतो.

पद्धतीच्या मर्यादा

भाष्य असले म्हणजे आज्ञा निर्दोष असतातच असे नाही. आज्ञा बदलली आणि भाष्य तसेच राहिले तर ते वाचकाची दिशाभूल करते. ते मुळीच नसते तर त्याने निदान शोध तरी घेतला असता. आज्ञेत जे डोळ्यांना दिसते तेच भाष्यात पुन्हा सांगणे हाही सामान्य दोष आहे. ‘येथे दंड १०,००० केला आहे’ या वाक्याने काहीच कळत नाही. ‘लोपलेली अक्षरे वाचकास सलग मोजता यावीत म्हणून येथे ओळ तोडू दिलेली नाही’ हे भाष्य होय. निराधार व अनपेक्षित असे काहीही न लिहिण्याचा मल्लिनाथाचा नियम येथेही उपयुक्त आहे.

रामटेक येथे १९९७ साली कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले. संस्कृत ग्रंथांच्या व लेखांच्या आवृत्त्या सिद्ध करणाऱ्या कोणत्याही अध्ययनकेंद्रास वरील विवेचनातून एक व्यावहारिक नियम घेता येईल : आवृत्तीसाठी रचलेले मॅक्रो हे त्या आवृत्तीच्या साधनसामग्रीचा भाग मानावेत, हस्तलिखितांच्या वर्णनाइतक्याच काळजीने त्यांचे सटीक लेखन करावे आणि मूळ संचिका ग्रंथासोबत जतन करावी. केवल-नरसिंह मंदिरातील लेखाचा लोपलेला भाग पुन्हा मिळविणे कोणाच्याही हाती नाही. परंतु त्या त्रुटीसाठी संपादकाने कोणते चिन्ह योजले आणि का योजले, हे पुढच्या संपादकास कळावे, एवढी व्यवस्था निश्चितच आपल्या हाती आहे.